किमान हौसाबाई

माणसाला जगायला किती लागतं, हा वाद आमच्या राज्यात शेवटी शास्त्रज्ञांनी मिटवला. दोन मांजरांच्या भांडणात माकडानं लोणी वाटून दिलं होतं, साधारण तसाच.

त्याआधी वर्षानुवर्षं तेच चाललं होतं. मालक म्हणायचे, किमान वेतन वाढवलं की धंदा बसतो आणि शेवटी तुमच्याच बायका घरी बसतात. युनियनवाले म्हणायचे, किमान नको, माणसासारखं जगता येईल एवढं द्या. टीव्हीवर अर्थतज्ज्ञ बसायचे. त्यांतला एकही कधी दिवसाच्या मजुरीत आठवड्याचा बाजार करायला गेला नसेल, पण आकडे सगळ्यांना पाठ. मग सरकारनं एक समिती नेमली, समितीनं दुसरी नेमली आणि दुसरीतून निर्वाह-पट्टी निघाली. आता कुणी बोलायचं नाही, शरीर बोलेल, असं मंत्री म्हणाले. टाळ्या दोन्ही बाजूंनी पडल्या. दोन्ही बाजू एकाच वेळी टाळ्या वाजवतात तेव्हा आपण आपलं पाकीट चाचपावं, एवढी अक्कल आमच्या तालुक्यात कुणाला नव्हती. मला होती, पण मला विचारतो कोण?

मी सुनेत्रा. रसायनशास्त्रात बी.एस्सी. आहे आणि त्या पदवीचा उपयोग करून एका कोल्ड स्टोअरेजमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायकांवर सुपरवायझर आहे. हॉलमध्ये पट्ट्यावरून बेदाणा सरकत राहतो. काळा, फुटका, देठाचा दाणा बायकांनी उचलून बाजूला टाकायचा. हे काम करणारं यंत्र केव्हाच निघालंय. आमच्या मालकांनी त्याची चौकशीही केली होती. बायका स्वस्त पडतात असं निघालं, म्हणून बायका राहिल्या. त्या पट्ट्यावर पहिल्या जागी माझी सासू उभी असते, हौसाबाई. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात.

पट्टी बसवायला पुण्याहून डॉ. शार्दूल आगाशे आले. पोरगा हुशार आणि मनानं चांगला होता, त्यामुळेच जास्त धोकादायक. हॉलमध्ये पडदा लावून त्यानं आम्हाला समजावलं.

"अन्न शरीरात जळतं, तेव्हा त्यातून पाणी आणि कर्बवायू तयार होतो," तो म्हणाला. "कर्बवायू किती निघाला हे कळलं, की अन्न किती जळलं ते कळतं. आता माणसाला दोन आठवडे काचेच्या खोलीत कोंडून त्याचा श्वास तर मोजता येत नाही. म्हणून आम्ही त्याला एक ग्लास खास पाणी पाजतो. या पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन नेहमीपेक्षा थोडे जड असतात. अपाय काही नाही. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर जातो, घाम, लघवी, वाफ. जड ऑक्सिजन मात्र पाण्यावाटेही जातो आणि कर्बवायूवाटेही. म्हणजे तो लवकर संपतो. दोघांच्या संपण्यात जो फरक, तो कर्बवायूचा."

हे तत्त्व जुनंच आहे, कॉलेजात मीही वाचलं होतं. पूर्वी लघवीचे नमुने मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावे लागत. आगाशेच्या चमूनं तेच काम दंडावरच्या दोन बोटं रुंद पट्टीत आणलं होतं. ती घामातूनच वाचायची आणि पंधरवड्याच्या शेवटी एक आकडा द्यायची. तो निर्वाहांक. शंभर म्हणजे मध्यम माणूस.

इथवर सगळं ठीक होतं. शास्त्राचं आणि माझं भांडण नाही. भांडण आहे ते शास्त्राच्या शेपटीला कायदा बांधणाऱ्यांशी. कायदा असा होता: निर्वाहांकावरून अन्नाचा खर्च काढायचा, कपडा, भाडं, औषध, पोरांचं शिक्षण हे सगळं त्या अन्नाच्या ठरावीक पटीत धरायचं. म्हणजे जी बाई कमी खाते तिच्या पोरीला वह्याही कमी लागतात. आणि सरासरी काढायची नाही, कारण कायदा किमान वेतनाचा. प्रत्येक तालुक्यातून चिठ्ठी टाकून एक कारखाना निवडायचा, तिथल्या कामगारांना पट्ट्या बांधायच्या. पूर्ण काम करणाऱ्या धडधाकट माणसाचा सगळ्यात कमी आकडा येईल, तो सगळ्या तालुक्याचा किमान. पुढची पाच वर्षं. एक माणूस एवढ्यात जगतो आणि राबतो, तर बाकीचे का नाही, हा त्यामागचा तर्क. या तर्काला विद्यापीठात सुवर्णपदक मिळत असावं.

चिठ्ठी आमच्या कोल्ड स्टोअरेजची निघाली.

"म्हंजी सगळ्यात कमी जिचा, तिच्यावर सगळ्यांचा पगार?" पट्ट्यावरच्या शालनवहिनींनी विचारलं.

"हो. फक्त आपला नाही. द्राक्षबागा, वीटभट्ट्या, पोल्ट्री, सगळ्या तालुक्याचा," मी म्हणाले.

"आणि एकादीचं खाणंच कमी असलं तर?"

याचं उत्तर आगाशेकडे होतं. "खाणं बरीच वर्षं कमी असेल तर शरीर काटकसर शिकतं," तो उत्साहानं म्हणाला. "नाडी मंदावते, अंग थोडं गार राहतं, तेवढंच काम ते कमी इंधनात करतं. अतिशय सुंदर यंत्रणा आहे ही."

सुंदर म्हणाला तो. मी आत्तीकडे पाहिलं. उन्हाळ्यातही तिचे हात गार असतात. आमच्या घरात ती सगळ्यांच्या मागून जेवते. पातेल्यात राहिलं असेल ते, आणि राहिलं नसेल तर चहा. गेली चाळीस वर्षं. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन-चारदा भांडले, मग सोडून दिलं. भांडायला वेळ लागतो आणि मला कामावर जायचं असतं.

युनियनचे पुढारी कॉम्रेड किसनराव मोहिते यांना मी गाठलं. "ही पट्टी आम्ही लढून मिळवलेली आहे, बाई," ते म्हणाले. "प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे, हे आमचं जुनं स्वप्न."

"प्रत्येकाला नाही, सगळ्यांना एकीच्या गरजेप्रमाणे. तुम्ही कायदा वाचलाय का?"

त्यांनी सारांश वाचला होता. त्यांच्या दंडाला पट्टी नव्हती. पुढाऱ्यांना ती लागत नाही.

पंधरवडा कोणता धरायचा ते ठरवायचं काम मालकांचं होतं. आमचे मालक रणधीर भोसेकर, सगळे त्यांना दादा म्हणतात. दादांनी नवरात्राचा पंधरवडा धरला. आईच्या कृपेनं मोजणी व्हावी, असं ते म्हणाले. आमच्या हॉलमधल्या झाडून सगळ्या बायका नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास धरतात, हे दादांना चांगलं ठाऊक होतं. उपवास करणारीला अर्धा तास लवकर सुटी, असंही त्यांनी जाहीर केलं. एवढा भाविक माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी बायकांना सांगून पाहिलं. या वर्षी उपवास धरू नका, मोजणी झाल्यावर पाहिजे तर महिनाभर धरा. शालनवहिनींनी कानाला हात लावले.

"सुनेत्राताई, देवीला काय सांगू? पट्टी बांधलीया, पुढच्या वर्षी ये म्हणून?"

तालुक्याच्या पाच वर्षांच्या भाकरीपेक्षा नऊ दिवसांचं पुण्य यांना जड. मी चडफडत घरी आले. आणि मग घरी भगर निवडताना आत्तीच मला म्हणाली, "उगं डोस्कं फिरवून घेऊ नगंस. आमची आई म्हणायची, एकादशी अन् दुप्पट खाशी. उपासात काय कमी खात्यात व्हय बायका, मिळालं तर?"

मिळालं तर. मी उडालेच. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, तूप, खजूर, राजगिऱ्याचे लाडू. आपल्या उपवासाइतकं दणदणीत खाणं लग्नाच्या पंगतीतही नसतं. अडचण उपवासाची नव्हती, ते विकत घेण्याची होती. आणि बाजार समितीची निवडणूक तोंडावर होती, दादा तिला उभे होते.

दुसऱ्या दिवशी मी दादांच्या केबिनमध्ये गेले. "दादा, बायका म्हणतात, एवढा देवीभक्त मालक, पण उपवासाचा फराळ काही घालत नाही. पलीकडच्या कोल्ड स्टोअरेजवाल्यांनी मागच्या साली घातला होता म्हणे. पेपरात फोटो आला होता."

दादांचा चेहरा पडला. फोटो हा शब्द त्यांच्या काळजाला लागतो. "उपवासाचं किती खाणार त्या?" ते म्हणाले. "घालू की. नऊही दिवस."

मालक मूर्ख असला की कामगाराचं अर्धं काम होतं. पहिल्या माळेपासून हॉलमागच्या पटांगणात तुपातली खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, भगर, लाडू असा रतीब सुरू झाला. दादांनी पहिल्या दिवशी डाव हातात धरून फोटो काढला आणि नंतर फिरकले नाहीत. मी बायकांना बजावलं होतं, दुप्पट खा आणि सुटीत बसून राहू नका. पट्टी जळलेलं अन्न मोजते, नुसतं गिळलेलं नाही. मग जेवण जिरलं की फुगड्या सुरू व्हायच्या. पन्नाशीच्या बायका परकरातल्या पोरींसारख्या गरगर फिरायच्या, धपापत खाली बसायच्या आणि पुन्हा उठायच्या. आगाशे कोपऱ्यात उभा राहून हे लोककला म्हणून मोबाइलमध्ये टिपून घेत होता.

वाढायला आत्ती होती. पहिल्याच दिवशी तिनं डाव हातात घेतला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. "तुमी बसा गं, मी वाढती. माजं गुडगं धरल्यात, मला काय फुगडी जमायची न्हाई." ती रांगेतून फिरायची, आग्रह करकरून वाढायची. कुणी नको म्हटलं की दादांच्या नावानं एक डाव जास्त. मी मनात म्हटलं, चला, म्हातारीचं हात सैल सोडून वाढणं तरी आज कामी आलं.

घरीही चंगळ होती. संध्याकाळी आत्ती पिशवीतून स्टीलचा डबा काढायची. त्यात खिचडी, लाडू, कधी साबुदाणेवडे. "उरलं हुतं लई. वाया घालवायचं व्हय?" ती म्हणायची. माझा नवरा शहाजी टेम्पो चालवतो. तो आला की वड्यांवर तुटून पडायचा. आमची श्रावणी लाडू मोजून मागायची. मी दिवसभर हॉलमध्ये उभी असते, मलाही भूक असायचीच. खिचडी अशी मोकळी की दाणा दाण्याला चिकटायचा नाही. मी दोनदा घ्यायची आणि आत्तीच्या हाताची तारीफ करायची.

पंधरवडा संपला. आगाशेनं पटांगणात पडदा लावून आकडे दाखवले. शालनवहिनी एकशे नऊ. बाकीच्या नव्वद ते एकशे दहाच्या मधे. मी एकशे अठरा, हॉलमध्ये सगळ्यात जास्त. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या तालुक्यात कुणा वॉचमनच्या चौऱ्याहत्तरावर सगळे लटकले होते. आमचं किमान नव्वदला जाणार, हे मी मनात धरलं आणि दादांचं तोंड बघायला वळले. दादा हसत होते.

पडद्यावर शेवटचं नाव आलं. हौसाबाई निवृत्ती माळी, एकसष्ट.

"हे बघा," आगाशे म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर भारावलेला होता. "वय साठच्या पुढे. पट्ट्यावर काम पूर्ण, चुका शून्य. सगळ्या तपासण्यांत धडधाकट. आणि एवढ्याशा इंधनात. मी असं कार्यक्षम शरीर राज्यात पाहिलेलं नाही."

आत्तीनं माझ्याकडे बघून विचारलं, "कमी आला म्हंजी चांगलंच की गं?"

मी आगाशेला बाजूला घेतलं. "त्या बाईचं शरीर असं का झालं, ते तुला कळतंय ना? तूच सांगितलं होतंस."

"कळतंय, मॅडम. पण पट्टी कारण मोजत नाही, गरज मोजते."

"गरज नाही रे, सवय आहे ती."

"शरीराच्या पातळीवर दोन्ही एकच," तो म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, "हरकत घेता येते. जाहीर करायच्या आधी घरच्या माणसानं सभेत उभं राहून सांगायचं, की मोजणीच्या काळात हा माणूस अर्धपोटी होता. मोजलेल्या माणसानं त्याला दुजोरा दिला की आकडा रद्द."

जाहीर दुसऱ्या दिवशी करायचं होतं, सत्कारासह.

घरी आल्यावर मी आत्तीला समोर बसवलं. "नऊ दिवस दादांचा फराळ होता. सगळ्या बायकांचा आकडा चढला. तुमचा का नाही चढला? तुमचा फराळ गेला कुठं?"

तिला प्रश्नच कळला नाही. "कुटं म्हंजी? डब्यातनं रोज आणत न्हवते व्हय? तूच खात हुतीस की. मोकळी झालीया म्हणायचीस."

"ते उरलेलं होतं ना?"

"वाढणारीचं मागनं असतंय. तोवर किती उरंल? माज्या ताटाचं तेवढं डब्यात घालून आणायची मी." ती हसली. "तू दिसभर उभी असतीस, पोरगी वाढीला लागलीया. माज्या म्हातारीच्या पोटात घालून काय कुस्ती खेळायचीय?"

शहाजी मान खाली घालून बसला होता. माझ्या दंडावर पट्टी अजून होती आणि तिच्यावर एकशे अठरा लिहिलेलं होतं. दादांना मी मूर्ख म्हणत होते, किसनरावांना म्हणत होते, शालनवहिनींना म्हणत होते. नऊ दिवस समोर बसून म्हातारीचं ताट चाटूनपुसून खाणारी मी मात्र बी.एस्सी. मला स्वतःची शिसारी आली.

मी तिला सगळं फोडून सांगितलं. हा आकडा राहिला तर वीटभट्टीवरच्या पोरींपासून पोल्ट्रीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांची मजुरी एकसष्टावर येणार. उद्या मी उभी राहून सांगणार, की आमच्या घरी ही अर्धपोटी असते. तिनं फक्त हो म्हणायचं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं, बघू." मी तेच हो धरलं.

सत्काराला मांडव होता, तहसीलदार होते, किसनराव पहिल्या रांगेत होते. दादांनी आत्तीला लाल काठाची साडी दिली. माईकवर म्हणाले, "आपल्या तालुक्याला हौसाबाईंचा आदर्श आहे. कमीत सुख मानायला आपण या माउलीकडून शिकावं." त्यांचं पोट टेबलाच्या कडेला लागलं होतं. मागे बायका बसल्या होत्या. सकाळपासून एकही आत्तीशी बोललेली नव्हती. शालनवहिनी तर तिच्या शेजारची खुर्ची सोडून मागे जाऊन बसल्या होत्या.

तहसीलदारांनी हरकत आहे का विचारलं. मी उठले.

"माझी आहे," मी म्हणाले. "मी यांची सून. या बाई आमच्या घरात सगळ्यांच्या मागून जेवतात आणि पोटभर जेवत नाहीत. मोजणीच्या नऊ दिवसांत यांच्या वाटणीचं अन्न आम्ही खाल्लं. मी खाल्लं. हा आकडा उपाशी माणसाचा आहे."

मांडवात कुजबुज उठली. मागून कुणी तरी बाई म्हणाली, "आगं बया, सासूला उपाशी ठेवती?" दुसरीनं "बी.एस्सी. हाय म्हणं" अशी भर घातली. शहाजी उठून बाहेर गेला. मला त्याचं काही वाटलं नाही. तालुक्याची भाकरी राहत असेल तर माझं नाव जाऊ दे, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. किसनरावांनीही पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं.

"पण कायद्यानं," दादा हसून म्हणाले, "निर्वाहवेतन घेणारा माणूस उपाशी असूच कसा शकेल?"

तहसीलदारांनी त्यांना हातानं थांबवलं आणि माईक आत्तीपुढे धरला. "आजी, तुम्ही सांगा. घरी पोट भरतं का तुमचं? खरं काय ते सांगा, घाबरू नका."

आत्ती उभी राहिली. साडीचं पुडकं तिनं छातीशी धरलं होतं. तिनं मागच्या बायकांकडे पाहिलं, त्या कुजबुजणाऱ्या तोंडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मानेनं खूण केली.

"खोटं बोलती ती," आत्ती माईकमध्ये म्हणाली. "माज्यासाठी बोलती, पण खोटं हाय. माज्या सुनंनं मला एक दिस उपाशी ठेवलं न्हाई. लेकीगत करती माजं. मला कायबी कमी न्हाई. पोट भरलंया माजं."

पहिल्यांदा दादांनी टाळ्या वाजवल्या. मग तहसीलदारांनी, मग सगळ्या मांडवानं. मागच्या बायकांनीसुद्धा वाजवल्या. सासू असावी तर अशी, म्हणाल्या. आगाशेनं डोळे पुसले आणि आकडा नोंदवायच्या मशीनवर बोट ठेवलं. आमच्या तालुक्याचं किमान एकसष्ट झालं.

घरात आल्यावर मला राहवलं नाही. "आत्ती, हो म्हणायचं ठरलं होतं ना?"

"चारचौघांत सुनंचं नाव घालवू व्हय?" ती म्हणाली. साडी तिनं माझ्या कपाटात ठेवली होती. तिला एवढी भारी कशाला, म्हणाली.

मी भाकरी केल्या. पहिलं ताट तिचं वाढलं, तिच्यापुढे ठेवलं आणि ती खाईपर्यंत मी शिवणार नाही म्हणून समोर बसले. तिनं ताट ओढून घेतलं. मला बरं वाटलं. मग तिनं भाकरी अर्धी मोडली, उठून माझं रिकामं ताट घेतलं आणि त्यात टाकली.

"खा," ती म्हणाली. "आता तुला कमी पडंल."